समजून घ्या : टॉवेलच्या खोक्यावर लॉट नंबर असतो, मग फुफ्फुसात मारलेल्या स्टेपलचा का नको?

सोलापूर : अक्कलकोट रोड एमआयडीसीतून निर्यातीला निघालेल्या टेरी टॉवेलच्या खोक्यावर काय काय लिहिलेलं असतं? माल कोणाचा, आकार काय, रंग कोणता, नग किती आणि लॉट नंबर. सहा महिन्यांनी परदेशातल्या खरेदीदाराने रंग उतरल्याची तक्रार केली, तर त्या नंबरवरून माल कुठल्या लॉटचा, हे शोधता येतं. नंबर नसेल तर भांडण होतं, उत्तर मिळत नाही.

आता समजा, याच एमआयडीसीतल्या एका यंत्रमाग कामगाराच्या फुफ्फुसाचा एक भाग शस्त्रक्रिया करून काढावा लागला. डॉक्टरांनी दुर्बिणीतून काम केलं. फुफ्फुसाला जाणाऱ्या रक्तवाहिन्या स्टेपलरने बंद केल्या. ते टायटॅनियमचे बारीक टाके आता आयुष्यभर त्याच्या छातीत राहणार. पण ते कुठल्या कंपनीचे, कुठल्या लॉटचे, नव्या पाकिटातले होते की नाही, हे त्याच्या डिस्चार्ज कार्डवर असेल का? बहुतेक वेळा नसतं. शस्त्रक्रियेचं नाव, औषधं आणि पुन्हा कधी दाखवायचं याची तारीख, एवढ्यावर कागद संपतो.

टॉवेलचा हिशोब लागतो आणि छातीतल्या टाक्यांचा लागत नाही, हे चित्र बदलायला हवं. ते बदलणं फार खर्चाचंही नाही. पण त्यासाठी आधी ही शस्त्रक्रिया काय असते आणि तिच्यात धोका नेमका कुठे असतो, हे समजून घ्यावं लागेल.

दुर्बिणीतून फुफ्फुसाची शस्त्रक्रिया म्हणजे काय?

उजव्या फुफ्फुसाचे तीन आणि डाव्याचे दोन मोठे भाग असतात. कर्करोगाची गाठ, क्षयरोगाने निकामी झालेला भाग, वारंवार पू किंवा रक्त येणारा भाग, क्षयाच्या पोकळीत वाढलेला बुरशीचा गोळा अशा कारणांनी यातला एखादा भाग काढावा लागतो.

पूर्वी यासाठी छातीच्या बाजूने लांब छेद घेऊन बरगड्या फाकवाव्या लागत. आता अनेक रुग्णांमध्ये एक ते चार लहान छेद पुरतात. एका छेदातून कॅमेरा जातो, बाकीच्यांतून लांब दांड्याची अवजारं. डॉक्टर पडद्यावर बघून काम करतात. बरगड्या फाकवल्या जात नाहीत, म्हणून दुखणं कमी होतं आणि रुग्ण लवकर उठून बसतो.

ब्रिटनमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या ५०३ रुग्णांवर झालेल्या ‘व्हायोलेट’ चाचणीत दोन्ही पद्धतींची तुलना झाली. पाच आठवड्यांनंतर हिंडण्या-फिरण्याची, कामाची क्षमता दुर्बिणीच्या गटात जास्त चांगली होती. रुग्णालयातला मुक्कामही साधारण एक दिवसाने कमी झाला. दिवसावर मजुरी असणाऱ्या घराला एका दिवसाची किंमत वेगळी सांगायला नको.

महाराष्ट्राला दुर्बिणीचं हे तंत्र नवीन नाही. डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातली पहिली दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया केली. म्हणजे सुरुवातच एका सरकारी रुग्णालयात, साध्या माणसाच्या पोटावर झाली. फुफ्फुसाचं काम मात्र पित्ताशयापेक्षा बरंच अवघड आहे.

अवघड का? कारण तिथली रक्तवाहिनी वेगळी आहे

हृदयाच्या उजव्या बाजूने बाहेर पडणारं सगळं रक्त फुफ्फुसातून जातं. विश्रांतीत असलेल्या माणसात हे प्रमाण मिनिटाला साधारण पाच लिटर असतं. ते वाहून नेणाऱ्या फुफ्फुस धमनीची भिंत मात्र पातळ असते.

हातावर पट्टा बांधून मोजलेला रक्तदाब वरचा १२० च्या आसपास असतो. फुफ्फुस धमनीत तोच आकडा साधारण २५ असतो. बॉयलरची वाफेची लाइन आणि टाकीवरून येणारा मोठा पाण्याचा पाइप, असा हा फरक समजा. पाण्याच्या पाइपात दाब कमी, पण पाणी भरपूर. त्यातही पाइप जाड लोखंडाचा नसून पातळ रबराचा आहे. तो जोराने ओढला तर फाटतो आणि फाटला की काही क्षणांत सगळीकडे पाणी होतं.

छाती उघडी असेल तर डॉक्टर लगेच बोटाने दाब देऊ शकतात. दुर्बिणीत बोट पोचत नाही. शिवाय कॅमेऱ्याच्या काचेवर रक्त उडालं की पडदा लाल होतो आणि दिसायचंच बंद होतं. म्हणून या शस्त्रक्रियेत रक्तवाहिनी सुटी करणं आणि ती बंद करून कापणं, ही सगळ्यात जोखमीची मिनिटं असतात.

रक्तवाहिनी बंद करतात कशी?

मुख्य तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग गाठीचा किंवा क्लिपचा. धागा बांधायचा किंवा धातूची अथवा पॉलिमरची क्लिप लावायची आणि मग कापायचं. हा सगळ्यात जुना आणि स्वस्त मार्ग. गाठ नीट बसली तर ती आजही भरवशाची आहे. पण लहान छेदातून, लांब अवजाराने गाठ बसवायला हातखंडा लागतो आणि क्लिप नंतर घासली गेली तर निसटू शकते.

दुसरा मार्ग स्टेपलरचा. ऑफिसातल्या स्टेपलरचं तत्त्व तेच, पण हा एका दाबात दोन कामं करतो. रक्तवाहिनीच्या दोन्ही बाजूंना टायटॅनियमच्या टाक्यांच्या दोन किंवा तीन ओळी बसतात आणि मधून पातं फिरून वाहिनी कापली जाते. रक्तवाहिनीसाठीचा टाका उघडा असताना साधारण अडीच मिलिमीटर उंच असतो. मिटल्यावर तो सुमारे एक मिलिमीटर होतो आणि इंग्रजी ‘बी’ अक्षरासारखा वळतो. फुफ्फुसाचा जाड भाग किंवा श्वासनलिकेची फांदी असेल तर जास्त उंचीचा टाका लागतो. त्यासाठी वेगवेगळ्या रंगांची कार्ट्रिज असतात.

तिसरा मार्ग ऊर्जेचा. एका प्रकारात विजेचा प्रवाह दोन जबड्यांच्या मधल्या ऊतीतूनच जातो. यंत्र ऊतीचा विद्युतरोध सतत मोजतं आणि काम झालं की आवाज देऊन थांबतं. दुसऱ्या प्रकारात अवजाराचं पातं सेकंदाला सुमारे ५५ हजार वेळा कंप पावतं आणि घर्षणाच्या उष्णतेने काम होतं. दोन्हीत वाहिनीच्या भिंतीतली प्रथिनं वितळून दाबाखाली एकमेकांना चिकटतात. शस्त्रक्रियेत विजेचा वापर रुजला तो १९२६ पासून. अमेरिकेत विल्यम बोवी या संशोधकाचं यंत्र हार्वे कुशिंग या मेंदू शल्यविशारदाने तेव्हा पहिल्यांदा वापरलं. आजची यंत्रं त्याच वंशातली, फक्त अधिक शहाणी.

प्रगत ऊर्जा-उपकरणांच्या पुस्तिकेत साधारण सात मिलिमीटर व्यासापर्यंतची मर्यादा दिलेली असते. फुफ्फुस धमनीच्या पातळ भिंतीमुळे ही उपकरणं तिथे बारीक फांद्यांसाठी वापरली जातात. मोठ्या फांदीला स्टेपलर लागतो. बारीक फांदीला ऊर्जा सोयीची, कारण स्टेपलरचा जाड जबडा तिच्याखाली सरकवताना ती फाटण्याची भीती असते.

म्हणजे तीनपैकी कुठलाही मार्ग सरसकट उत्तम नाही. कुठल्या वाहिनीला कुठला, हा निर्णय महत्त्वाचा.

चूक कुठे होते?

माग चालवणाऱ्याला हे पटकन कळेल. धागा चांगला, माग चांगला, पण ताण चुकला तर धागा तुटतोच.

वाहिनी ओढून धरलेली असताना सील केली तर चिकटण्याआधीच ती तुटू शकते. स्टेपलरच्या जबड्यात आधीची क्लिप अडकली तर टाके नीट मिटत नाहीत. ऊतीच्या जाडीला न जुळणारं कार्ट्रिज घातलं तर एकतर गळती होते नाहीतर भिंत चिरडते. ऊर्जा-उपकरणाच्या जबड्यावर जळकी पुटं साचली की उष्णता नीट पोचत नाही. रिकामं झालेलं कार्ट्रिज चुकून पुन्हा लावलं गेलं तर टाके न बसता वाहिनी कापली जाऊ नये, म्हणून आधुनिक स्टेपलरमध्ये कुलूप दिलेलं असतं. नव्या मागावर ताण्यातला धागा तुटला की माग आपोआप थांबतो, तसंच हे.

रक्त सुटलंच, तर पहिलं काम चिमट्याने आंधळेपणी पकडण्याचं नसतं. गॉजच्या बोळ्याने दाब देऊन थांबायचं, भूलतज्ज्ञांना सावध करायचं, रक्त मागवायचं आणि मग ठरवायचं. गरज पडली तर छाती उघडायची. दुर्बिणीतून सुरू केलेली शस्त्रक्रिया उघडून पूर्ण करणं हे अपयश मानायचं कारण नाही. वेळेवर उघडणं हा चांगल्या शल्यविशारदाचा निर्णय असतो. नातेवाइकांनीही ‘दुर्बिणीचे पैसे घेतले आणि छाती उघडली’ असा हिशोब लावू नये.

सोलापूरकरांच्या छातीत अडचण जास्त का असू शकते?

अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत सुताचा तूस हवेत असतो. सुताच्या धुळीने होणारा ‘बिसिनोसिस’ हा आजार कायद्याने कळवायच्या आजारांच्या यादीत आहे. म्हणजे तो आढळल्यास डॉक्टरांनी सरकारला कळवणं बंधनकारक आहे. सुट्टीनंतर कामावर आलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणं, ही त्याची जुनी खूण. या आजारासाठी फुफ्फुस काढत नाहीत. पण ज्याची श्वासाची ताकद आधीच घटली आहे, त्याच्याकडे शस्त्रक्रियेत चूक पचवण्याची गुंजाइश कमी उरते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याचंही तेच. दीर्घ आजाराने फुफ्फुस धमनीतला दाब वाढलेला असेल तर धोका आणखी वाढतो.

दुसरी अडचण क्षयरोगाची. क्षयाने फुफ्फुसाच्या मुळाशी असलेल्या लसिका गाठी सुजतात, बरं झाल्यावर कडक होतात आणि कधी कधी धमनीलाच चिकटून बसतात. त्या सोडवताना वाहिनी फाटण्याची भीती असते. परदेशातल्या पुस्तकातलं चित्र स्वच्छ असतं, आपल्याकडच्या रुग्णाच्या छातीतलं तसं असेलच असं नाही. म्हणून इथे उपकरण नवं, नेमकं आणि हाताशी पर्यायासह असणं अधिक गरजेचं आहे.

मग प्रश्न कुठे आहे? ‘एकदाच वापरा’ या शब्दांत

स्टेपलरची कार्ट्रिज आणि बरीचशी ऊर्जा-उपकरणं एकदाच वापरण्यासाठी असतात. एका शस्त्रक्रियेत अनेक कार्ट्रिज लागतात आणि एकेकाची किंमत हजारांत असते. ऊर्जा-उपकरण पुन्हा निर्जंतुक करून वापरण्याची पद्धत आपल्याकडे अनेक ठिकाणी आहे. वैद्यकीय नियतकालिकांत यावर वर्षानुवर्षं चर्चा झाली आहे.

पुन्हा वापर म्हणजे गुन्हाच, असं नाही. अमेरिकेतही अशा उपकरणांचं पुनर्प्रक्रियाकरण होतं. पण ते करणाऱ्याला उत्पादकासारखेच नियम लागू होतात, तपासणी होते आणि लेबल लागतं. आपल्याकडे अडचण लपवाछपवीची आहे. कितव्यांदा वापरलं, कोणी तपासलं, रुग्णाला सांगितलं का, बिलात नव्याची किंमत लावली का, याची नोंद नसते. झिजलेल्या पात्याने सात मिलिमीटरची वाहिनी सील होईल की नाही, हे पुस्तिका सांगत नाही. पुस्तिका नव्या उपकरणासाठी लिहिलेली असते.

सरकारी योजनांमुळे हा प्रश्न आणखी टोकदार होतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, ही मोठी गोष्ट आहे. पण योजनेत उपचाराला ठरावीक पॅकेज असतं. खर्च त्यात बसवायचा म्हटलं की हात आखडतो तो अशा खर्चिक सामानावर.

आकडे काय सांगतात?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०१९ मध्ये डॉक्टरांना एक पत्र पाठवलं. २०११ ते मार्च २०१८ या काळात शरीराच्या आत वापरायच्या स्टेपलरबाबत ४१ हजारांहून अधिक तक्रार-अहवाल आले होते. त्यात ३६६ मृत्यू, ९ हजारांहून अधिक गंभीर इजा आणि ३२ हजारांहून अधिक बिघाड होते. हे सगळ्या प्रकारच्या शस्त्रक्रियांचे आकडे आहेत, फक्त फुफ्फुसाचे नाहीत. प्रत्येक घटनेत दोष यंत्राचाच होता असंही नाही. तरीही त्यानंतर २०२१ मध्ये तिथे या स्टेपलरचा नियामक वर्ग बदलून नियम कडक करण्यात आले.

नोंदी होत्या म्हणून आकडा कळला आणि आकडा कळला म्हणून नियम बदलला, हा क्रम लक्षात घ्यायला हवा.

भारतात २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली. उपकरणाच्या पाकिटावर लॉट किंवा बॅच नंबर छापणं बंधनकारक आहे. उपकरणांमुळे झालेल्या इजेची नोंद करणारा ‘मटेरिओव्हिजिलन्स’ कार्यक्रम २०१५ पासून सुरू आहे आणि तो गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमार्फत चालतो. म्हणजे पाकिटावर नंबर आहे आणि तक्रार घेणारी यंत्रणाही आहे. मधला दुवा, म्हणजे रुग्णाचा कागद, कोरा आहे.

स्टेंटला जमलं, तर स्टेपलरला का नाही?

फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने हृदयात बसवायच्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. त्याच आदेशात रुग्णालयांना सांगितलं गेलं, की बिलात स्टेंटची किंमत, ब्रँड, कंपनी आणि बॅच नंबर वेगळा दाखवा. त्यानंतर ‘माझ्या वडिलांना कुठला स्टेंट बसवला?’ हा प्रश्न साध्या माणसालाही विचारता येऊ लागला.

तोच नियम फुफ्फुसातल्या स्टेपलरला लावायला काय हरकत आहे? पाकिटावरचं स्टिकर काढायचं, एक प्रत केस पेपरवर आणि एक डिस्चार्ज कार्डवर चिकटवायची. ऊर्जा-उपकरणाचं नाव आणि ते नवं की पुनर्प्रक्रिया केलेलं, ही एक ओळ लिहायची. योजनेचा दावा मंजूर करताना हे स्टिकर मागायचं. एवढंच.

याचे फायदे तीन. नवं पाकीट उघडलं, याचा पुरावा राहतो. कंपनीने एखादा सदोष लॉट परत मागवला तर तो कोणाला वापरला हे शोधता येतं. आणि तिसरा फायदा सोलापूरकरांच्या जवळचा आहे. फुफ्फुसाच्या अशा शस्त्रक्रियेसाठी इथल्या रुग्णाला अनेकदा पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठावं लागतं. पुढे त्रास झाला तर तो इथल्याच डॉक्टरकडे येतो. तेव्हा त्या डॉक्टरच्या हातात फक्त तो कागद असतो. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली आणि ‘अंगात धातू आहे का?’ असं विचारलं, तर उत्तरही त्याच कागदावर असेल.

आक्षेप आणि उत्तर

डॉक्टर म्हणतील, हात चांगला नसेल तर नवं स्टेपलरही वाचवत नाही. बरोबर आहे. स्टिकर हाताची जागा घेऊ शकत नाही. पण चांगल्या हाताला वाईट अवजार मिळू नये, याची काळजी ते घेतं.

दुसरा आक्षेप, युरोपातही नाही. तिथे शरीरात बसवलेल्या उपकरणाचं कार्ड रुग्णाला देण्याचा नियम आहे, पण स्टेपल आणि क्लिपना त्यातून सूट आहे, हे खरं. पण आपल्याकडे अवजार किती वेळा वापरलं याचीच नोंद नसेल, तर युरोपची सूट आपल्याला परवडणारी नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो, रुग्णाला यातलं काय कळणार? ज्याला काउंट, पिक, जीएसएम आणि लॉट कळतो, त्याला लॉट नंबर कळत नाही असं म्हणणं हा त्याचा अपमान आहे.

शस्त्रक्रियेआधी हे पाच प्रश्न विचारा

१. रक्तवाहिन्या बंद करायला काय वापरणार? स्टेपलर, ऊर्जा-उपकरण, क्लिप की गाठ?

२. एकदाच वापरायचं उपकरण नवं असेल का? पुन्हा वापरलेलं असेल तर ते कोणी तपासलं आणि बिलात किंमत कशी लावणार?

३. रक्तस्राव झाला तर छाती उघडायची तयारी आहे का? रक्त राखून ठेवलं आहे का?

४. आधी क्षय झाला होता, धुळीत काम केलं, बिडी ओढली, याचा माझ्या शस्त्रक्रियेवर काय परिणाम होईल?

५. वापरलेल्या उपकरणांची स्टिकर डिस्चार्ज कार्डवर लावून मिळतील का?

हे प्रश्न भांडायच्या सुरात नकोत. चांगल्या डॉक्टरांना ते आवडतात, कारण माहिती असलेला रुग्ण शस्त्रक्रियेनंतरची काळजीही नीट घेतो. उपकरणामुळे इजा झाल्याचा संशय असेल तर इंडियन फार्माकोपिया कमिशनच्या १८००-१८०-३०२४ या टोल फ्री क्रमांकावर कळवता येतं.

अक्कलकोट रोडवरचा कामगार दिवसभर दुसऱ्याच्या मालाचा हिशोब चोख ठेवतो. खोक्यावरचं लेबल तिरकं लागलं तरी त्याला बोलणी बसतात. त्याच्या छातीतल्या टाक्यांच्या नोंदीसाठी एक स्टिकर मागणं जास्त नाही. योजना राबवणाऱ्या अधिकाऱ्यांनी दाव्याच्या अर्जात एक रकाना वाढवला, तर सुरुवात उद्यापासूनही होऊ शकते.